पदराची गाठ

रविवारची सकाळ. वसईतल्या पापडीच्या चर्चमध्ये मिसा चालू होती आणि अर्पणाची पिशवी एकेका रांगेतून पुढे सरकत होती. माझ्या शेजारच्या आजींनी पदराची गाठ सोडली. आत दोन नोटा होत्या, एक शंभराची, एक विसाची. दोन्ही त्यांनी मांडीवर ठेवून पाहिल्या. शंभराची घडी करून पिशवीत टाकली आणि विसाची पुन्हा गाठीत बांधून टाकली. मिसा संपल्यावर बाहेर पायरीवर त्या चप्पल शोधत होत्या, तेव्हा मी धीर करून विचारलं, ती एक नोट मागे का ठेवलीत? त्या हसल्या.

"देवाला रिक्षा लागत नाही, बाबा. मला लागते."

मी वसईला, आणि नंतर नगरला व केडगावला, गेलो ते एका प्रश्नाचा माग काढत. एका माणसाला दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, एक तर देवाची करा नाही तर धनाची, असं सांगणाऱ्या येशूला मानणारी माणसं मराठी मुलखात गेली काही शतकं राहत आहेत. शेती करतात, पगार घेतात, लग्नं लावतात, कर्जं काढतात. या माणसांनी पैशाला नेमकं कुठं बसवलं?

माझं स्वतःचं घर दुकानदाराचं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आजोबा नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवानं 'श्री' काढत, मगच रोजकीर्द सुरू होई. देव आणि जमाखर्च एकाच पाटावर बसतात हे मी लहानपणापासून पाहत आलो. ख्रिस्ती माणसाचं मात्र तसं नसणार, त्याच्या धर्मात पैसा म्हणजे उंबऱ्याबाहेरची गोष्ट असणार, अशी माझी समजूत होती. ती बरीचशी चुकीची निघाली.

थैली कोणाकडे होती?

'पैसा हे सगळ्या पापांचं मूळ' हे वाक्य बायबलच्या नावावर सर्रास खपवलं जातं. पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात जे आहे ते वेगळं आहे. मूळ पैसा नव्हे, पैशाचा लोभ. पाय घसरतो तो लोभावरून, नाण्यावरून नव्हे.

येशूबरोबर बारा शिष्य गावोगाव हिंडत होते. त्यांच्या जेवणखाणाचं कोण पाहत होतं? लूकच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात याचं उत्तर आहे. मग्दालिया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि आणखी कितीतरी बाया आपापल्या पदरचं खर्चून या मंडळींचा खर्च भागवत होत्या. प्रवचनांतून हे वचन फारसं ऐकू येत नाही. आणि थैली सांभाळायला होता यहूदा इस्कर्योत. तो त्यातून चोरी करी, असं योहान स्पष्ट लिहितो. म्हणजे या धर्माच्या अगदी सुरुवातीलाच खर्च उचलणाऱ्या बाया आहेत आणि हिशेबात हात मारणारा खजिनदारही आहे.

त्याहून बोलकी गोष्ट 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातली, हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोची. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत लोक जमिनी विकून पैसे सर्वांसाठी आणून देत. या दोघांनीही जमीन विकली, पण काही रक्कम मागे ठेवली आणि आणली ती सगळी आहे असं भासवलं. येशूचा शिष्य पेत्र हनन्याला सांगतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच ताब्यात होता. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मग खोटं का बोललास? आधी हनन्या आणि मागून सप्पीरा, दोघंही तिथंच कोसळून मरतात.

एका पाळकांनी मला हा उतारा काढून दाखवला आणि बोट त्या ओळीवर टेकवून ठेवलं. "पैसे ठेवले म्हणून ते मेले असं लोकांना वाटतं. मेले ते खोट्या हिशेबापायी."

व्यापार सोडलेला संत

वसईत पोर्तुगीज आले १५३४ साली आणि चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला १७३९ साली. मधल्या दोनशे वर्षांत इथं ख्रिस्ती वस्ती रुजली आणि तिनं संत गोन्सालो गार्सिया दिला. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. तरुणपणी तो जेझुइटांच्या सोबत जपानला गेला, भाषा शिकला, पुढं तिथंच व्यापारात पडला आणि चांगला जम बसवला. मग सगळं आवरून मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. संघानं त्याला दुभाषा म्हणून पुन्हा जपानला पाठवलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस जणांसह त्याला क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं.

ही गोष्ट ऐकली की 'पैसा सोडला, देव मिळाला' असा सोपा धडा हाती लागतो. पण ज्या संघात गोन्सालो गेला त्याचा इतिहास या धड्यापाशी थांबत नाही. असिसीच्या फ्रान्सिसनं आपल्या बंधूंना नाण्याला हात लावायलाही मनाई केली होती. त्याच फ्रान्सिस्कनांनी पंधराव्या शतकात इटलीत गरिबांसाठी गहाणवटीच्या धर्मादाय पेढ्या काढायला लावल्या, सावकारी व्याजातून लोक सुटावेत म्हणून. १४६२ साली पेरूजात निघालेली पेढी ही त्यांतली पहिली समजतात. आणि १४९४ साली व्हेनिसमध्ये द्विनोंदी हिशेबपद्धती पहिल्यांदा छापून जगापुढं ठेवली ती लुका पाचोली यांनी. तेही फ्रान्सिस्कन साधूच. व्यापाऱ्यानं वही सुरू करताना आरंभी देवाचं नाव घालावं, पहिल्या वहीवर क्रूस काढावा, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

हे वाचलं तेव्हा मला आजोबांच्या वहीवरचा 'श्री' दिसला. दारिद्र्याचं व्रत घेतलेला माणूस जमा आणि नावे यांचं शास्त्र लिहितो, यात मला आता विसंगती वाटत नाही. ज्याला पैशाचा मोह नाही त्याचा हिशेब चोख असायला काहीच हरकत नसते.

पतपेढी आणि पानमळा

वसईच्या वाड्या म्हणजे केळी, पानवेल, भाजी, फुलं. इथली सुकेळी अजून प्रसिद्ध आहेत. वाडीचं अर्थकारण बाराही महिने रोख मागतं. पानवेलीला मांडव हवा, केळीला खत हवं, रहाटाला आणि पुढं पंपाला पैसा हवा. विक्रीचा पैसा येईपर्यंत सावकार.

१९०४ साली सरकारनं सहकारी पतसंस्थांचा कायदा केला. त्यामागं जो नमुना होता तो जर्मनीतला. तिथं फ्रीडरिख राइफायझन नावाच्या श्रद्धाळू प्रॉटेस्टंट गावप्रमुखानं १८६०च्या दशकात खेड्यांतल्या पतसंस्था उभ्या केल्या होत्या. राइफायझनचं म्हणणं साधं होतं. नुसती भीक घातल्यानं शेतकरी उभा राहत नाही. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला जामीन राहणं हीच शेजाऱ्यावरची प्रीती. सभासद एकाच गावचे, एकमेकांना ओळखणारे, आणि एकाचं कर्ज बुडालं तर भार सगळ्यांवर. मद्रास सरकारसाठी फ्रेडरिक निकल्सन यांनी या पद्धतीचा अभ्यास करून तिची जोरदार शिफारस केली होती. १९०९ मध्ये छोटानागपुरात फादर योहान हॉफमन यांनी आदिवासी ख्रिस्ती शेतकऱ्यांसाठी कॅथलिक सहकारी पतसंस्था काढली. आणि १९१८ साली वसईत, धर्मगुरूंच्या पुढाकारानं, पतसंस्था उभी राहिली. तीच आजची बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. तिचं मुख्यालय अजून पापडीलाच आहे.

व्याजाला बायबलच्या जुन्या करारात मनाई आहे, मग कॅथलिक बँक कशी, असा प्रश्न मी एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याला विचारला. त्यांचं आयुष्य कर्जविभागात गेलं होतं. ते म्हणाले, "गरिबाच्या अडचणीवर व्याज घेऊ नको असं लिहिलंय. आम्ही गरिबाला सावकाराकडून सोडवून आणला. आता तुम्ही ठरवा." क्षणभर थांबून त्यांनी पुढं पुस्ती जोडली, "पण कर्ज थकलं की नोटीस आम्हीही पाठवायचो हां."

वसईच्या पैशाची खरी परीक्षा मात्र कर्जात झाली नाही, जमिनीत झाली. मुंबई उत्तरेकडं सरकत आली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला. वाड्यांतल्या विहिरींचं पाणी टँकरनं इमारतींकडं जाऊ लागलं. त्याविरुद्ध हरित वसईची चळवळ उभी राहिली आणि तिचं नेतृत्व केलं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ साली ते गेले. वेदीवरच्या धर्मगुरूनं विहिरीच्या पाण्यासाठी रस्त्यावर यावं का, असं तेव्हा कितीतरी जणांनी विचारलं होतं. जमीन आपल्याला वापरायला मिळालेली ठेव आहे, मालकी देवाची, हे जो दर रविवारी सांगतो त्यानं सोमवारी गप्प बसायचं का, हा त्यावरचा उलटा प्रश्न.

पण सगळं बिल्डरवर ढकलून मोकळं होता येत नाही. विकणाऱ्यांत वाडीवालेही होते. भाजीची टोपली आणि फुलांची परडी घेऊन पहाटेच्या लोकलनं मुंबई गाठणाऱ्या एका पिढीच्या नातवंडांच्या हातात अचानक लाखो रुपये आले. एका बागायतदारानं मला वाडीच्या कडेला उभं राहून सांगितलं, "आमच्याकडे पैसा आला, पण त्याला बसायला जागाच नव्हती. भाजीचा पैसा आला की कुठं जायचा ते आईला ठाऊक असायचं. इतका खताला, इतका फीला, इतका देवळाला, इतका भिशीला. जमिनीचा पैसा आला आणि कुणी विचारलंच नाही की याची गाठ कोण बांधणार. मग तो मांडवात, बँडबाज्यात, जेवणावळीत गेला."

पैशाला बसायला जागा! मी इतक्या पानांची टिपणं काढली होती. या माणसानं ती एका वाक्यात गुंडाळली.

लक्ष्मीबाईंचा संसार

वसईचं ख्रिस्तीपण वाड्यांचं, तर नगरचं दुष्काळाचं. अहमदनगर, आताचं अहिल्यानगर, इथं अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये काम सुरू केलं. १८४२ मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं. आणि इथंच रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा संसार मांडला गेला, मोडला गेला, पुन्हा मांडला गेला.

टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षांनी. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं आहे त्यांना सांगायला नको की या घरात पैसा पाहुण्यासारखा येई आणि मुक्काम न करताच जाई. टिळकांच्या हाताला मूठ मिटणं माहीत नव्हतं. समोर गरजू दिसला की खिसा रिकामा, मग घरी चूल पेटो न पेटो. टिळक संत होते यात शंका नाही. मात्र संताच्या घरी संध्याकाळच्या भाजीचं कोण पाहत होतं? ज्या बाईनं माहेरी बापाचं सोवळ्याचं वेड सोसलं, तिनं सासरी नवऱ्याचं औदार्य सोसलं, आणि दोन्हींवर हसत हसत लिहिलं.

१९१७ साली टिळकांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडलं. साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या प्रत्येकाला तो खुला. त्यांचं दुखणं खरं होतं. मिशनचा पगार घेणारा पाळक, मिशनचा पगार घेणारा मास्तर, मिशनच्या आवारातलं घर, यानं इथला ख्रिस्ती माणूस साहेबाच्या तोंडाकडं पाहणारा होतो. मंडळीनं आपल्या पायावर उभं राहावं हा आग्रह नवा नव्हता. हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ च्या सुमारास इथं येऊन तेच बजावून गेले होते. टिळकांनी ते स्वतःच्या संसाराची किंमत मोजून करून दाखवलं. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, त्यांचं मुंबईत निधन झालं.

मागं राहिलं ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. टिळकांनी थोडेच अध्याय लिहून सोडलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईनं पूर्णत्वाला नेलं. मला तर हे सगळं लूकच्या आठव्या अध्यायातल्यासारखं वाटतं. पुरुष म्हणतो पैसा म्हणजे माती. ती माती कालवून चूल घालायची ती बाईनं. पैशाला तुच्छ लेखणं सोपं असतं, दुसरं कुणी तो मोजत असेल तर. हे मी टिळकांना कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. त्यांचा त्याग खरा होता. पण त्या त्यागाच्या खतावणीत दोन नावं हवीत, आणि लोक एकच वाचतात.

बलुतं गेलं, सवलत गेली

नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत धर्म आणि पैसा यांचा आणखी एक हिशेब आहे आणि तो कडू आहे. इथले बहुतेक ख्रिस्ती पूर्वाश्रमीचे महार आणि मांग. 'दुष्काळात पोटासाठी बाटले' हा टोमणा त्यांच्या चार पिढ्यांनी ऐकला. दुष्काळात मिशननं धान्य दिलं, पोरांना ठेवून घेतलं, शाळा काढल्या हे खरंच आहे. पण दुसरी बाजू टोमणा मारणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. गावकीची कामं नाकारली की बलुतं बंद होई. खळ्यावरचा वाटा जाई. धान्यासाठी धर्म बदलला म्हणणाऱ्यांनी धर्मापायी गेलेलं धान्यही एकदा मोजायला हवं.

आणि हा हिशेब जुन्या काळाबरोबर संपला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढं १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्त्यांना नाही. त्यामुळे रविवारी चर्चमध्ये बसणारं आणि दाखल्यावर हिंदूच राहिलेलं कुटुंब या भागात नवलाचं नाही. अशाच एका घरातल्या तरुणाशी बोललो. शिष्यवृत्तीवर शिकलेला, आता नोकरीत. "दाखला खोटा नाही, जात तीच आहे," तो म्हणाला. मग बराच वेळ गप्प राहून, "पण बाप्तिस्म्याच्या वहीतही माझं नाव आहे. दोन्ही वह्या एका टेबलावर कधी येऊ नयेत, एवढीच प्रार्थना."

हनन्या आणि सप्पीरा मला आठवले. पण त्यांच्यासमोर पेत्र होता, आणि त्यानं सांगितलं की पैसा तुमचाच होता. या पोराला असं सांगणारं कुणी नाही. खोट्या हिशेबाचा दोष कुणावर टाकायचा, लिहिणाऱ्यावर की वही आखणाऱ्यावर, याचं उत्तर मला तरी सोपं वाटत नाही.

केडगावची बाग

पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव स्टेशन आहे. तिथं उतरलं की पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. या बाईइतका पैशाचा अर्थ कळलेलं दुसरं माणूस एकोणिसाव्या शतकाच्या महाराष्ट्रात विरळा.

सुरुवात उपासमारीतून. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान. कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरे आणि लोक जे देतील त्यावर जगे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात देणारे संपले. दागिने, भांडी, सगळं विकलं. मजुरी करायची तर ती ठाऊक नाही आणि करायची लाजही. आईवडील आणि बहीण गेली. हे रमाबाईंनी स्वतः लिहिलं आहे, कुठलाही आडपडदा न ठेवता. पुढं केडगावला आलेल्या प्रत्येक मुलीच्या हाताला काम शिकवायचा त्यांचा हट्ट कुठून आला, हे यावरून कळतं.

१८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकाच्या पैशाचा आधार होता. त्याच वर्षी वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. १८८६ साली अमेरिका. तिथं त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीतून पुस्तक लिहिलं, ते हातोहात खपलं. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगावच्या मंडळांतल्या सभासदांनी वर्षाला एकेक डॉलर द्यायचा, दहा वर्षं. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन उघडलं आणि पुढल्या वर्षी पुण्याला आलं. देणाऱ्यांची अट होती की शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही. १८९३ मध्ये काही मुली ख्रिस्ती धर्माकडं वळल्याचं प्रकरण पेटलं आणि रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले. दुसऱ्याच्या पैशाला अट असते आणि दुसऱ्याच्या विश्वासालाही, हे रमाबाईंना तेव्हा दोन्ही बाजूंनी समजलं असणार.

दहा वर्षांची मुदत संपणार हे त्या विसरल्या नव्हत्या. म्हणून केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. अमेरिकेचे डॉलर थांबले तर बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं हा बेत. झाडं मोठी व्हायच्या आतच १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो अनाथ मुली आणि विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेग. मग बागेतच वस्ती. १९०० च्या दुष्काळानंतर ती वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

या काळात त्यांच्यावर ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरच्या चरित्राचा प्रभाव होता. म्यूलरनं १८३६ साली अनाथाश्रम काढला, तो पुढं दोन हजारांवर मुलांना पुरेल इतका वाढला, आणि त्यानं कुणाकडं कधी पैसे मागितले नाहीत. प्रार्थना करायची, येईल ते घ्यायचं. ही झाली त्याच्याविषयी सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. न सांगितली जाणारी अशी की आलेल्या प्रत्येक देणगीची नोंद त्यानं ठेवली आणि हिशेब दरवर्षी छापून प्रसिद्ध केला. देवावर सगळा हवाला आणि पैपैचा हिशेब, दोन्ही एकाच माणसाचं.

रमाबाईंनी हेच केडगावला केलं. विश्वासावर संस्था चालवली आणि सोबत शेती, गुरं, हातमाग, तेलघाणा, शिवण, छापखाना. खिळे जुळवायला आणि छपाईला मुक्तीतल्याच बाया. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं, साध्या बाईला वाचता यावं म्हणून. ते इथंच छापलं. काम हातावेगळं होतं ना होतं तोच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मुलगी मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती.

केडगावच्या आवारात फिरताना मला टिळकांचा 'दरबार' आठवत राहिला. दोघंही देवाच्या भरवशावर निघाली. टिळकांच्या दरबाराला खतावणी नव्हती, तो त्यांच्यानंतर उभा राहू शकला नाही. रमाबाईंनी विहीर खणून मगच पावसासाठी प्रार्थना केली. मुक्ती मिशन अजून चालू आहे.

आशीर्वादाचा भाव

आज मराठी ख्रिस्ती माणसापुढं दोन मोह उभे आहेत आणि दोन्ही धर्माचे कपडे घालून येतात.

पहिला मोठ्या मांडवातल्या सभेत भेटतो. मंचावरचा वक्ता सांगतो, दशांश द्या, पेरणी करा, देव शंभरपट परत करील. घर होईल, व्हिसा मिळेल. विरारजवळच्या अशा एका सभेत मी दोन तास बसलो. दानपेटी तीनदा फिरली. बाहेर पडताना एक बाई दुसरीला म्हणाली, "गेल्या वर्षी पेरलं, अजून उगवलं नाही." विनोदानं म्हणाली की दुःखानं, ते कळलं नाही. देवाला भागीदार करून घेतलेल्या या धंद्यात तोटा मात्र नेहमी एकाच भागीदाराचा होतो.

दुसरा मोह मिशनच्या जुन्या आवारांतला. परदेशी मिशनऱ्यांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी घेतलेल्या जमिनी आता शहरांच्या मध्यावर आल्या आहेत. शाळा, दवाखाने, कौलारू बंगले, चिंचेची झाडं, आणि त्यावर कोट्यवधींचा डोळा. विश्वस्त कोण, विकायचा अधिकार कोणाला, यावरून धर्मादाय आयुक्तांपुढं वर्षानुवर्षं तारखा पडतात. एका म्हाताऱ्या विश्वस्तांनी मला सांगितलं, "पूर्वी मंडळीच्या वार्षिक सभेत जमाखर्च उभं राहून वाचायचे. चहाचे किती, झाडूचे किती, कंदिलाच्या वातीचे किती. पोरं कंटाळून झोपायची. आम्हाला वाटायचं ही कसली उपासना? आता कळतं. वाचणं थांबलं त्या वर्षापासून सगळं बिघडलं."

लिहून घ्या

शेवटचा मुक्काम नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात. बाजरीची सुगी झाली होती आणि मंडळीत आभाराचा सण होता. मुंबईकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात, भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात, त्याच जातीचा हा सण. वेदीपुढं कणसांच्या पेंढ्या, भोपळे, शेंगा, अंड्यांची परडी, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. एका पोरानं शाळेत केलेला कागदी कंदीलही ठेवला होता.

उपासना झाली आणि आवारातच लिलाव सुरू झाला. बाजारात कधी दिसणार नाही असा लिलाव. इथं कुणालाच वस्तू स्वस्त नको असते. दहाचा नारळ दोनशेला गेला. घेणाऱ्यानं तो लगेच परत दिला, पुन्हा बोली, आता तीनशे. एकच नारळ चार घरं फिरून आला आणि शेवटी पाळकांच्या पोरानं फोडून वाटून टाकला.

पांढऱ्या केसांची एक बाई सकाळी मोठा तांबडा भोपळा घेऊन आली होती. भोपळा पुकारला तसा तिनंच हात वर केला. लोक हसले. "अगं मावशे, तुझाच हाय की त्यो!"

"माझा व्हता. आता देवाचा हाय. मला त्यो पायजे."

बोली शंभर, दीडशे, एकशे ऐंशीवर थांबली. तिनं पदराची गाठ सोडली, नोटा मोजल्या. पाळक पुढच्या वस्तूकडं वळले होते. ती जागची हलली नाही.

"पाळकसाहेब, पावती फाडा की. आन् नीट लिवून घ्या, एकशेऐंशी."

पावती मिळाल्यावर तिनं ती एकदा उजेडात धरून पाहिली. उरलेल्या नोटांबरोबर घडी करून पदराला गाठ मारली, भोपळा काखेत घेतला आणि घराकडं निघाली.